दत्तकपत्र करायला गेले, १५ गुंठ्यांचा हिशेब घेऊन आले: एका वकिली सल्ल्याबद्दल

फी १,५०० रुपये. प्रत्यक्ष सल्ला सव्वा तास. त्याआधी बाहेरच्या लाकडी बाकावर दोन तास. पाचपैकी चार तारे देते. पाचवा तारा त्या बाकाने आणि टायपिस्टने खाल्ला, त्याबद्दल पुढे सांगते.

वकिलांचं नाव लिहीत नाही. मी लिहिणार आहे म्हटल्यावर त्यांनीच हात जोडले. वकिलांनी जाहिरात करायची नसते, बार कौन्सिलचा नियम आहे म्हणाले. तेव्हा कोल्हापुरात, कसबा बावड्यात, जिल्हा न्यायालयाच्या जवळ एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, एवढंच सांगते. लिफ्ट नाही. हा अभिप्राय नावाचा नसून कामाचा आहे. ज्यांच्या घरी दत्तकाचा विषय निघालाय त्यांनी वाचावा.

मी कागल तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं नोकरी केली, आता पेन्शन. वय ६१. मालक २०१३ साली गेले. एक मुलगी, सांगलीला दिलेली. मुलगा नाही. सहा महिन्यांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांनी विषय काढला, की वहिनी, तुम्ही माझ्या धाकट्याला दत्तक घ्या. पोरगा २६ वर्षांचा, गुणी, मला लहानपणापासून थोरली आई म्हणतो. ट्रॅक्टर तोच चालवतो, माझ्या बीपीच्या गोळ्याही तोच आणून देतो. पोराबद्दल माझी काडीची तक्रार नाही. हे आधी सांगते, नाहीतर वाचणारे लगेच दिराला आणि पुतण्याला खलनायक करून मोकळे होतात.

भावजींचं म्हणणं असं: जमीन घरात राहील, म्हातारपणी तुम्हाला बघायला हक्काचं माणूस होईल, शेवटी अग्नी कोण देणार हा प्रश्न मिटेल. वर हेही, "अहो वहिनी, आपल्या कागलचे शाहू महाराजच कोल्हापूरला दत्तक गेले. आनंदीबाई राणीसाहेब विधवाच होत्या की!" आमच्याकडे या वाक्यावर कुणाला उत्तर सुचत नाही. १७ मार्च १८८४ ला यशवंतराव घाटगे दत्तक गेले आणि शाहू छत्रपती झाले, हे मीच चौथीच्या वर्गाला कितीतरी वर्षं शिकवलंय.

भावजींनी तालुक्याच्या गावातल्या एका दस्तलेखकाकडून दत्तकपत्राचा मसुदाही करून आणला. पाच पानं. "फक्त सही, वहिनी. पुढच्या बुधवारी निबंधक कार्यालयात जाऊन येऊ." सही मी केली नाही, पण का केली नाही हे तेव्हा विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. माझ्या माहेरची थोरली आजी आठवली एवढंच. ती बालविधवा. १९४९ साली सासरच्यांनी तिच्या मांडीवर दत्तक बसवला. मला आठवते ती सोप्यातल्या एका खोलीत राहणारी, दळणाला जोंधळे दत्तक मुलाच्या बायकोकडे मागणारी आजी. जमीन तिच्या नवऱ्याची होती. मागावं मात्र तिलाच लागायचं.

आधी मी मुलीच्या सांगण्यावरून एक ऑनलाइन सल्ला घेतला. ४९९ रुपये, पंधरा मिनिटं. समोरचा मुलगा गोड बोलला. विधवा दत्तक घेऊ शकते, कायद्यात तरतूद आहे, मसुदा आम्ही करून देतो, त्याचे पैसे वेगळे. मी त्याला विचारलं, मग जमिनीचं काय होईल? म्हणाला, मुलाला मुलाचे सगळे हक्क मिळतील मॅडम. यात खोटं काहीच नव्हतं. पण एवढं तर मलाही माहीत होतं.

मग शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंनी या वकिलांचं नाव सांगितलं.

आता बाक. सकाळी अकराची वेळ दिली होती, आत गेले तेव्हा एक वाजला होता. २०२५ च्या ऑगस्टपासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय, तेव्हापासून सगळ्याच वकिलांची धावपळ वाढलीय, असं तिथला कारकून सांगत होता. असेल. पण त्याचा फोन करून "बाई, एक वाजता या" म्हणायला काय खर्च आला असता? पंखा एक, तो कारकुनाच्या डोक्यावर. पाणी मागितलं तेव्हा मिळालं, आणि स्वच्छ होतं.

आत मात्र पहिल्याच वाक्याला माझा राग गेला. मी मसुदा पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, उघडलाच नाही, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाई, आधी गेलेल्यांच्या तारखा सांगा."

मला कळेचना. ते म्हणाले, घरात कोण कोण गेलं, कधी गेलं, आणि ते गेले त्या दिवशी मागे कोण कोण जिवंत होतं. दुसरं, जमीन सासऱ्यांकडे कशी आली? वाडवडिलांची की स्वतः घेतलेली? एवढं सांगा, मग दत्तकाचं बघू.

मी सांगितलं. जमीन एकूण १२० गुंठे, म्हणजे तीन एकर. सासऱ्यांनी १९७४ साली स्वतःच्या कमाईतून घेतली, खरेदीखत आहे. सासरे १९९८ ला गेले. मागे सासूबाई, आमचे मालक, भावजी आणि एक नणंद. नणंदेने २००० साली दोघा भावांना हक्कसोडपत्र करून दिलं, रजिस्टर. मालक २०१३ ला. सासूबाई २०१७ ला. मृत्युपत्र कुणाचंच नाही. सातबारावर सगळ्यांची नावं, खातं सामाईक. घरात समज असा, की अर्धी जमीन भावजींची, अर्धी आमची. म्हणजे ६० गुंठे माझ्या नावावर. याच ६० गुंठ्यांसाठी दत्तक.

वकिलांनी जुन्या अशिलाच्या कागदाची पाठकोरी बाजू घेतली आणि पेन्सिलीने वंशावळीचं झाड काढलं. मी शिक्षिका आहे, फळ्यावर कुणाला काय जमतं ते मला कळतं. यांना जमतं. एका वेळी एकच मरण, एका वेळी एकच भागाकार.

सासरे गेले, १९९८. जमीन स्वकष्टाची. हिंदू वारसा कायद्याने पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी, चौघांना सारखे, ३० गुंठे प्रत्येकी. नणंदेने आपले ३० भावांना सोडले, तेव्हा मालक ४५, भावजी ४५, सासूबाई ३०.

मालक गेले, २०१३. त्यांच्या ४५ चे तीन भाग: मी १५, मुलगी १५ आणि आई म्हणून सासूबाई १५. इथे मी पहिल्यांदा थबकले. नवऱ्याच्या मागे त्याची आईही पहिल्या वर्गाची वारस असते, हे मला ठाऊक नव्हतं. सासूबाई आता ४५.

सासूबाई गेल्या, २०१७. त्यांच्या ४५ चे वारस: भावजी १५, नणंद १५ आणि आधी गेलेल्या मुलाची मुलगी म्हणून माझी लेक, १५.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुम्ही सून. सासूच्या इस्टेटीत तिची मुलं आणि गेलेल्या मुलांची मुलं येतात. ती असताना सून येत नाही."

बेरीज खाली लिहिली. भावजी ६०. लेक ३०. नणंद १५. मी १५. एकूण १२०. मी दोनदा तपासली, गुण द्यायची सवय. बरोबर होती.

म्हणजे सहा महिने घरात ज्या ६० गुंठ्यांवरून बैठका चालल्या, देवाला नारळ फुटले, जाऊबाईंनी माझ्या आवडीचं भडंग दोनदा करून पाठवलं, ते ६० गुंठे माझे नव्हतेच. माझे १५.

मी म्हटलं, पण सासूबाईंच्या मागे तलाठ्याने फेरफार केला तेव्हा माझंही नाव चढवलं होतं. त्यावर म्हणाले, फेरफार महसुलासाठी असतो, तो मालकी देत नाही आणि काढूनही घेत नाही. नणंदेचं ऐकून तर मला हसूच आलं. हक्कसोड केल्यापासून तिचा संबंध संपला असं आम्ही सगळे, तीही, धरून चाललो होतो. पण तिने सोडला तो वडिलांकडून आलेला हिस्सा. आई तेव्हा जिवंत होती, आईचा वारसा अजून उघडलाच नव्हता. न उघडलेल्या वारशाचा हक्क २००० साली ती सोडणार कशी?

मग घर. घर मालकांनी २००६ साली स्वतः बांधलं. तिथेही तेच गणित: मला तिसरा हिस्सा, लेकीला तिसरा, सासूबाईंना तिसरा. सासूबाईंचा तिसरा परत तिघांत. म्हणजे मी ज्या घरात एकटी राहते, ज्याची घरपट्टी मी भरते, त्यात भावजींचा नववा हिस्सा आणि नणंदेचा नववा. वकील म्हणाले, घाबरू नका, राहत्या घरातून तुम्हाला कुणी उठवत नाही, पण कागद कागदाच्या जागी माहीत असावा.

यानंतर दत्तक. आणि इथे मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

म्हणाले, विधवेने दत्तक घ्यायचा अधिकार आपल्याकडे जुनाच. बंगालमध्ये विधवेला नवऱ्याची परवानगी लागायची, मद्रासकडे ती नसेल तर सपिंडांची, म्हणजे नवऱ्याकडच्या जवळच्या नातलगांची संमती, पण मुंबई इलाख्याच्या परंपरेत नवऱ्याने मनाई केली नसेल तर विधवा आपल्या मनाने दत्तक घ्यायची. गोम दुसरीकडे होती. जुन्या कायद्यात दत्तक आला की घड्याळ मागे फिरायचं. नवरा गेला त्या दिवशीच मुलगा होता असं धरायचे. त्यामुळे विधवेच्या हातात नवऱ्याची जी काही मालमत्ता असे, ती दत्तकाकडे जाई आणि ती उरे पोटगीपुरती.

मी त्यांना सोप्यातल्या आजीबद्दल सांगितलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, कायद्याप्रमाणेच झालं ते, कुणी फसवलं असंही म्हणता येणार नाही. हे ऐकून मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरवता आलेलं नाही. चाळीस वर्षं मी त्या दत्तक काकांवर मनातल्या मनात चिडून होते.

२१ डिसेंबर १९५६ पासून हिंदू दत्तक आणि पोटगीचा कायदा लागू झाला आणि घड्याळ पुढेच चालायला लागलं. दत्तक ज्या दिवशी, त्या दिवसापासून तो मुलगा. विधवेने घेतलेला दत्तक तिच्या गेलेल्या नवऱ्याचाही मुलगा धरतात, हे सर्वोच्च न्यायालयाने सावनराम विरुद्ध कलावंती या १९६७ च्या निकालात सांगितलंय. पण त्याच कायद्याचं कलम १२ म्हणतं, दत्तकाच्या आधी जी मालमत्ता ज्याच्याकडे वारशाने गेली, ती दत्तक मुलगा काढून घेऊ शकत नाही. मालकांचा वारसा २०१३ लाच वाटून गेला. लेकीचे ३० गुंठे लेकीचे, दत्तक दहा आले तरी.

मी विचारलं, मग जमीन स्वकष्टाची की वडिलोपार्जित, याने काय फरक पडतो? तेव्हा ते खुर्चीत सरसावून बसले. हा त्यांचा आवडीचा विषय दिसला. आपल्या महाराष्ट्रातलंच एक प्रकरण सांगितलं, धर्मा आगलावे विरुद्ध पांडुरंग आगलावे, १९८८. भाऊ १९२८ ला गेलेला, त्याच्या विधवेने १९६८ ला दत्तक घेतला, म्हणजे चाळीस वर्षांनी. दुसरा भाऊ म्हणाला, एवढी वर्षं मी एकटाच उरलो होतो, जमीन माझी झाली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. एकत्र कुटुंबाची जमीन एकट्या उरलेल्या माणसाच्या हातात असली तरी ती त्याला वारशाने ‘मिळालेली’ नसते, कुटुंबाचीच असते. दत्तक मुलाला वाटणी मागता येते. मात्र दत्तकाच्या आधी त्या भावाने जे विकलं ते विकलं. आणि याच्या उलट निकाल २००३ चा, घाडगे कुटुंबाचा: तिथे तो शेवटचा उरलेला माणूस दत्तकाच्या आधीच वारला होता, जमीन त्याच्या वारसांकडे गेलेली, तेव्हा दत्तकाला काही मिळालं नाही. "म्हणून मी आधी तारखा विचारतो," असं म्हणून त्यांनी चहा मागवला. चहा चांगला होता, कमी साखरेचा.

यानंतर त्यांनी मसुदा उघडला. चष्मा कपाळावर चढवून कागद नाकाशी धरून वाचतात. तिसऱ्या पानावर एका ओळीखाली पेन्सिल ओढली. ओळ अशी: "लिहून देणार या आपल्या हिश्शाची मिळकत यापुढे अन्य कोणासही विक्री, बक्षीस अथवा मृत्युपत्राने देणार नाहीत."

ही ओळ मी चार वेळा वाचली होती. मला ती दस्तातल्या नेहमीच्या भाषेसारखी वाटली, "सुखसंतोषाने व राजीखुशीने" च्या जातीची. पण कलम १३ सांगतं, दत्तक घेतल्याने आईबापाचा स्वतःची मालमत्ता विकायचा किंवा मृत्युपत्राने द्यायचा अधिकार जात नाही, उलट करार केला नसेल तर. ही ओळ म्हणजे तो उलट करार. सही केली असती तर माझ्या १५ गुंठ्यांतला एक गुंठाही लेकीला लिहून देता आला नसता. दस्तलेखकाने मुद्दाम घातली की त्याच्याकडचा साचाच तसा आहे, मला माहीत नाही. भावजींना त्या ओळीचा अर्थ ठाऊक नव्हता, हे मात्र मी शपथेवर सांगेन. नंतर त्यांना समजावून सांगताना त्यांचा चेहरा मी बघितलाय.

बाकी मुद्दे भराभर झाले. मुलगी असताना मुलगा दत्तक घेता येतो, मुलगा, नातू किंवा पणतू हयात असेल तर नाही. पोराचं वय २६. कायद्यात दत्तकाचं वय १५ च्या आत, पण तशी रूढी असेल तर सूट, आणि आपल्याकडची कोणत्याही वयाच्या दत्तकाची रूढी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली मान्य केलेली आहे. दत्तहोम लागत नाही. प्रत्यक्ष देणं-घेणं मात्र झालंच पाहिजे, नुसत्या सहीने दत्तक होत नाही. देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्यांचा दस्त नोंदवलेला असेल तर कोर्ट दत्तक झाला असं धरून चालतं, पण ते खोटं पाडताही येतं. आणि एकदा नीट झालेलं दत्तक रद्द होत नाही. माझ्याकडून नाही, पोराकडून नाही. सून पटली नाही म्हणून, पोरगा दारूला लागला म्हणून, कशानेच नाही.

भावजी माझ्या घराच्या गळक्या स्लॅबचे पैसे देणार होते, तेही मी बोलून गेले. वकील एकदम गंभीर झाले. दत्तकाच्या बदल्यात पैसे घेणं-देणं हा गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. "स्लॅब तुमचा तुम्ही करा, बाई." केला. पेन्शनीतून, दोन हप्त्यांत.

आणि मग ती गोष्ट, जी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती. दत्तक गेलेल्या मुलाचं जन्माच्या घराशी नातं तुटतं. जे आधीच त्याच्या नावावर झालंय ते राहतं, पण पुढचा वारसा जातो. भावजींचे ६० गुंठे त्यांच्या मागे जाऊबाई आणि दोन मुलगे यांच्यात २०-२० होणार. धाकटा माझ्याकडे दत्तक आला तर त्याचे ते २० गेले. भावजी मृत्युपत्राने देऊ शकतील, आपोआप मिळणार नाहीत. बदल्यात त्याला माझ्या १५ मधले, लेकीबरोबर अर्धे, साडेसात. तेही मी मृत्युपत्र केलं नाही तर.

"शाहू महाराजांचं उदाहरण देतात ना तुमचे दीर?" वकील म्हणाले. "महाराज इकडे दत्तक आले, तेव्हा कागलच्या जहागिरीवर कोण बसलं ते विचारा त्यांना." धाकटे भाऊ, पिराजीराव उर्फ बापूसाहेब. तेही मी शिकवलंय. पण या अंगाने कधी बघितलं नव्हतं. महाराजांना कागल सोडून करवीर मिळालं, पोराला मिळणार होते साडेसात गुंठे.

शेवटी त्यांनी विचारलं, की तुम्हाला मुलगा हवाय की म्हातारपणाची सोय? मुलगा हवा असेल तर दत्तकपत्र करू, ती ओळ काढून करू, पोरगा चांगला आहे म्हणताय. सोय हवी असेल तर तिचे कागद वेगळे. मृत्युपत्र करा, त्याला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे पण करा, मन बदललं तर बदला. किंवा पुढे कधी बक्षीसपत्र केलंत तर त्यात सांभाळायची अट स्पष्ट लिहा. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखाली अट मोडली तर न्यायाधिकरणाकडून ते रद्द करून घेता येतं. "अग्नीचं विचारलंत तर," म्हणाले, "दत्तक कायद्यात त्याचं कलम नाही. लेक देईल, पुतण्या देईल, तुम्ही सांगाल तो देईल."

मी तिथेच सांगितलं, मृत्युपत्र.

आता तक्रारी. मृत्युपत्राचा मसुदा त्यांच्या टायपिस्टने केला, त्याचे २,००० वेगळे, ते आधी सांगितले होते म्हणून कुरकुर नाही. पण पहिल्या प्रतीत माझ्या लेकीचं नाव चुकीचं, गट नंबरातले दोन आकडे उलटे आणि "पुतण्या" च्या जागी "पणतू". तीनदा दुरुस्त करावं लागलं, म्हणजे बावड्याच्या तीन फेऱ्या. एसटीने कोल्हापूर, तिथून केएमटी. प्रत फोनवर पाठवा म्हटलं तर वकील म्हणतात, अशिलाचे कागद मी फोनवर पाठवत नाही. तत्त्व चांगलं आहे, गुडघ्यांना परवडत नाही. फीची पावती मागितल्यावर मिळाली, न मागता मिळायला हवी. आणि ते झाडाचं चित्र मी मागितलं तेव्हा "अहो पाठकोरा कागद आहे" म्हणून द्यायला तयार नव्हते, मागे दुसऱ्या अशिलाचं काहीतरी होतं. मग मी वहीत उतरवून घेतलं. मला तेच आवडलं.

जाणार असाल तर: सगळ्या मृत्यूंचे दाखले, असतील तेवढे जुने फेरफार, खरेदीखत आणि हक्कसोड घेऊन जा. नुसता सातबारा नेऊ नका, त्यावरून ते एक शब्द बोलत नाहीत. माणूस फटकळ आहे. माझ्याआधी आत गेलेल्या एका तरण्या जावईबापूंना "तुमचा यात संबंध काय?" म्हणून बाहेर बसवलं. ते माझ्याशेजारी बाकावर येऊन बसले आणि एक वाजेपर्यंत मोबाइलकडे बघत होते.

घरी आल्यावर त्याच रात्री भावजी, जाऊबाई, दोन्ही पोरं यांना बोलावलं आणि वहीतलं झाड दाखवलं. भावजी बराच वेळ गप्प. जाऊबाईंनी विचारलं, "म्हणजे ह्याचा आमच्यातला हिस्सा जातो?" मी म्हटलं, जातो. धाकटा म्हणाला, "थोरली आई, मग गोळ्या आणायला दत्तक कशाला पायजे?" आणि ट्रॅक्टर लावायला उठून गेला. मृत्युपत्रात मी त्याला पाच गुंठे लिहिलेत, विहिरीकडच्या अंगाचे. त्याला माहीत नाही. इथे माझं नाव नाही म्हणून लिहिते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता नणंदेचा फोन. जाऊबाईंच्या पोटात काही राहत नाही. "वहिनी, ते वकील कुठं बसतात म्हणालात?" पत्ता दिला. बसायला उशी घेऊन जा म्हणून सांगितलं.